मागचा टायर अजून पाच हजार जाईल म्हणतात, पण कुठले पाच हजार?

निपाणीच्या एका मित्रानं विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, स्पोकवाली, २०२२ ची. कंपनीचेच टायर आहेत, ९,००० किलोमीटर झालेत. डिसेंबरमध्ये जोडीनं निघायचं आहे, निपाणी ते कन्याकुमारी, तिथनं पूर्व किनारा धरून चेन्नई, पुरी, आणि रायपूर-नागपूरवरून घरी. इकडंतिकडं फिरणं धरून साडेपाच हजाराच्या आसपास. गावातला मेकॅनिक म्हणतोय मागचा टायर अजून पाच हजार आरामात जाईल, बदलू नका. ह्यांच्या एका मित्राच्या तसल्याच गाडीचा टायर वीस हजार गेलाय. मग बदलायचा की नाही, आणि ह्यांचाच का लवकर झिजतोय?

माझं बेळगावात टायरचं दुकान आहे आणि वर्षातनं सवड मिळेल तसा मी स्वतः लांब जातो, त्यामुळं हा प्रश्न मला काउंटरच्या दोन्ही बाजूनं माहीत आहे. दुकानदार म्हणून "बदला" म्हणणं मला सोपं आहे, म्हणून हिशेब मांडूनच सांगतो, पटला तर घ्या.

पहिलं म्हणजे तुमचा मेकॅनिक खोटं सांगत नाहीये. त्यानं तुमचा आत्तापर्यंतचा वापर बघितलाय, निपाणी-चिकोडी, निपाणी-बेळगाव, बहुतेक एकट्यानं. त्या वापरात टायर पाच हजार काय, त्याच्यावर पण जाईल. पण ट्रिपचे पाच हजार आणि गावातले पाच हजार एका मापाचे नसतात. म्हणून टायर किती किलोमीटर टिकतो हा प्रश्नच मी सोडून द्यायला सांगतो. माझ्या गाडीवर, माझ्या वजनानं हजार किलोमीटरला किती मिलीमीटर रबर जातंय आणि आज किती शिल्लक आहे, एवढं कळलं की टायर कुठल्या गावाजवळ संपणार ते पण कळतंय.

मापायचं कसं. टायरच्या खाचेची खोली मोजायचा छोटा गेज मिळतो, फार महाग नसतो. तो नसेल तर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, घ्या, त्याच्या शेपटाकडून बाहेर येणारी पातळ पट्टी खाचेत उभी धरायची. आमच्या बेळगावात फाउंड्र्या आणि मशीन शॉप एवढी आहेत की व्हर्नियर नसलेला शेजारी शोधावा लागेल. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक फिरवत तीन-चार जागी मधल्या भागातली खाच मोजा आणि सगळ्यात कमी येईल तो आकडा धरा. एक काळजी घ्या, खाचेच्या तळाला जागोजागी एक छोटा आडवा उंचवटा असतो, तो झिजेची खूण दाखवणारा असतो, त्याच्यावर पट्टी टेकली तर माप चुकणार. टू व्हीलरच्या टायरला तो साधारण ०.८ मिलीमीटर उंच असतो. नक्षी झिजून त्याच्या लेव्हलला आली म्हणजे टायर संपला, मग बाजूला कितीही नक्षी दिसू दे. लोक नेमकं तिथंच फसतात. बाजूची नक्षी बघतात आणि म्हणतात अजून नवीन आहे की, आणि मधनं टायर गोटा झालेला असतो.

तुम्ही लिहिलंय मागं ३.५ मिलीमीटर आलं. नवीन असताना किती होतं ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, त्याला सोपा उपाय, कुठल्याही दुकानात त्याच मॉडेलचा नवा टायर मागा आणि तिथंच मोजा. मी इथं ७ धरतो, थोडं इकडंतिकडं असू शकतंय. म्हणजे ९,००० ला ३.५ गेलं, हजाराला साधारण ०.४. खुणेपर्यंत शिल्लक २.७. भागून बघा, पावणेसात हजाराच्या आसपास येतंय. मेकॅनिकचं बरोबर आहे म्हटलं ते ह्याच्यासाठी.

आता ट्रिपचा हिशेब. वहिनी मागं, दोन्ही बाजूला बॅगा, दिवसाला सहा-सात तास हायवे. असल्या वापराला मी रोजच्या झिजेच्या १.४ पट धरतो. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, दुकानात ट्रिपच्या आधी आणि नंतर मोजलेल्या गाड्यांवरनं बसलेला अंदाज आहे. शांत चालवणाऱ्याला सव्वापट पुरतं, आणि ११० च्या खाली न येणाऱ्याला दीडपट पण कमी पडेल. १.४ नं हजाराला ०.५५ धरूया. साडेपाच हजाराला ३ मिलीमीटर. तुमच्याकडं आहेत ३.५. घरी पोचेपर्यंत अर्धा मिलीमीटर राहिला, म्हणजे खुणेच्या खाली. ४,९०० च्या आसपास, नागपूर मागं टाकल्यावर तुळजापूरकडं येताना टायर कायद्यानंच संपलेला असेल.

पण खरी अडचण त्याच्या बरीच आधी आहे. पावसात मी २ मिलीमीटरच्या खाली जोडीनं गाडी चालवत नाही. रस्त्यावरचं पाणी खाचेतनं बाजूला जावं लागतंय, खाच उथळ झाली की पाण्याला जायला जागा नाही आणि टायर पाण्याच्या थरावर चढतो, तेव्हा ब्रेक पण नाही आणि स्टिअरिंग पण नाही. आता तुम्ही म्हणाल डिसेंबरात कसला पाऊस. आपल्याकडं नसतो हो, पण तमिळनाडूत आणि आंध्रच्या दक्षिण किनाऱ्यावर ईशान्य मान्सून ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, त्यांचा मोठा पाऊस तेव्हाच. आपले लोक आपला पावसाळा संपला म्हणून खुशाल निघतात आणि चेन्नईच्या अलीकडं भिजतात. तुमच्या हिशेबानं २ मिलीमीटर येतंय २,७०० किलोमीटरला, म्हणजे विजयवाडा ते विशाखापट्टणमच्या मध्ये कुठंतरी, पुरी पण अजून लांब आणि घर तर त्याहून लांब. म्हणून माझं उत्तर सरळ आहे, मागचा टायर निघायच्या आधी बदला.

हेच तुम्ही नुसतं कन्याकुमारीला जाऊन आला असता तर मी बदलू नका म्हटलं असतं. जाऊन-येऊन अडीच हजार, सव्वा-दीड मिलीमीटर जाईल, दोनच्या वर राहतंय, कशाला उगीच खर्च. आणि काढलेला टायर टाकून देऊ नका. साडेतीन मिलीमीटर म्हणजे गावच्या वापराला अजून भरपूर आहे. धुऊन, वाळवून, ऊन लागणार नाही आणि जवळ मोटर-इन्व्हर्टर चालत नसेल अशा जागी उभा ठेवा. ट्रिपवरनं आल्यावर परत तोच चढवून संपवला तरी चालतंय, नवा पुढच्या ट्रिपला. लोक म्हणतील एवढी उठाठेव कोण करतंय, पण फिटिंगचे पैसे टायरच्या किमतीपुढं काहीच नाहीत.

वाटेत बदलूया असं पण काही जणांच्या डोक्यात असतंय. चेन्नई, विशाखापट्टणम असल्या मोठ्या गावात १२०/८०-१८ मिळून जाईल, रॉयल एनफिल्डचा साइज आहे. पण नेमका रविवार लागतो, किंवा साइज असतो पण पाहिजे तो टायर नसतो, मग जे असेल ते चढवा. दिवस जातो तो वेगळाच. लडाखला सात हजार जाणाऱ्याला वाटेत बदलायचा प्लॅन करावाच लागतो कधी कधी, तुम्हाला तशी गरज नाही.

आता दुसरा प्रश्न, मित्राचा वीस हजार का गेला. ह्याचं एक उत्तर नाही, बरंच परिस्थितीवर आहे, पण माझ्या अनुभवानं ज्याचा फरक जास्त पडतो ते आधी सांगतो.

सगळ्यात जास्त स्पीड. मागचा टायर झिजतो तो नुसता फिरून नाही, गाडीला पुढं ढकलताना तो रस्त्यावर अगदी बारीक घसरत असतो, डोळ्याला दिसत नाही पण रबर तिथंच जातंय. जेवढं जोरात ढकलायचं तेवढी घसर जास्त. आणि हायवेवर ढकलायचं असतं ते हवेला. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ८० वरनं १०० वर गेलात तर स्पीड सव्वापट पण हवेचा विरोध दीडपटीच्या वर. त्यात साइड बॅगा लावल्या की गाडी आणखी रुंद. ८० ला जाणारा आणि १०० ला जाणारा एकाच दिवशी एकच टायर घेऊन गेले तरी परत येताना मापात फरक दिसतोच दिसतो. तुमचा मित्र ७०-८० वाला असेल तर वीस हजाराचं कोडं अर्धं तिथंच सुटलं.

दुसरं वजन. टायरच्या बाजूला साइजच्या पुढं ६२पी असं काहीतरी लिहिलेलं असतं. ६२ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त २६५ किलो उचलतो, पी म्हणजे ताशी १५० पर्यंत. क्लासिकचं वजन १९५ किलो, त्यातलं अर्ध्याच्या आसपास मागं, वहिनींचं जवळपास सगळं मागं, तुमचं अर्ध्याहून जास्त मागं, आणि सामान तर सगळंच मागं. बेरीज करून बघा, सव्वादोनशेच्या पुढं सहज जातंय. मर्यादेत आहे, पण ती मर्यादा हवा पूर्ण असतानाची. हवा कमी असेल तर २६५ ला अर्थ नाही.

हवेवरनं आठवलं, सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. हवा सकाळी निघायच्या आधी बघायची, गाडी रात्रभर उभी असताना. किती ठेवायची ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर नाहीतर मॅन्युअलमध्ये असतंय, एकट्याचं वेगळं आणि जोडीचं वेगळं. ट्रिपला जोडीचं धरायचं. दुपारी पंपावर मोजलं तर तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवणारच, तापल्यावर आतली हवा फुगते, ती काढून टाकायची नाही. कोण कोण काढतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर उपाशी. कमी हवेत टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो, तापला की रबर मऊ पडून लवकर जातंय, आणि ट्यूब आत घासते ती वेगळीच. जास्त हवा मारली तर मधला पट्टा तेवढा रस्त्याला लागतो आणि मधनंच खातो. पंपावरचे गेज एकाचं एकाला जुळत नाहीत, स्वतःचा एक गेज टँक बॅगमध्ये ठेवा, तो दोन पीएसआय चुकीचा असला तरी रोज तेवढाच चुकीचा असतो. नायट्रोजन भरू का म्हणून पण विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट भरत असतील तर भरा, त्याच्यासाठी गाव पालथं घालू नका.

तिसरं रस्ता. निपाणी-बेळगाव हायवे सरळ आहे, तवंदी घाट सोडला तर वळणच नाही म्हणायचं. असल्या रस्त्यावर मधला पट्टा सपाट होतो. तळवा टायरवर आडवा फिरवून बघा, नवा टायर गोल लागतो, झिजलेला मधनं सपाट आणि दोन्ही बाजूला कड लागते. अशा टायरनं वळणात गाडी झुकवली की आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. आमच्याकडं जांबोटी-चोर्ला घाटानं वरचेवर गोव्याला जाणाऱ्यांचा टायर बाजूनं पण झिजतो, त्यामुळं त्यांचा आकार बरा राहतो. किलोमीटर कमी मिळाले तरी शेवटपर्यंत गाडी नीट वळते, मला तसला टायर चालतो. सिमेंटचा रस्ता खरखरीत असेल तर डांबरापेक्षा जास्त खातो.

मग राहिलं कंपाउंड, म्हणजे टायरचं रबर कसलं आहे ते. कडक रबराचा टायर जास्त जातो पण ओल्यात धरत नाही, मऊ रबराचा धरतो पण लवकर संपतो. काही टायर मधनं कडक आणि बाजूला मऊ असे येतात, टूरिंगला ते चांगले. ३५० ते ४०० सीसीच्या गाड्यांना मागचा टायर माझ्या दुकानात बारा ते अठरा हजाराच्या मध्ये बदलायला येतो, वीस हजारवाले असतात पण कमी. पुढचा साधारण दीडपट ते दुप्पट जातो, कारण त्याला ढकलायचं काम नाही. म्हणून वीस हजार ऐकून जळू नका, त्यानं शेवटचे चार हजार किती मिलीमीटरवर चालवलेत ते पण विचारा एकदा.

तुमचा पुढचा टायर बदलायची गरज नाही, ४ च्या वर आहे म्हणताय. फक्त हात फिरवून बघा. बोटं एका दिशेनं फिरवली की गुळगुळीत आणि उलट फिरवली की प्रत्येक ठोकळ्याची कड बोटाला टोचते, तसं असेल तर ब्रेकनं ठोकळे तिरके झिजलेत. थोडं सगळ्यांचंच असतं. पण ५०-६० च्या स्पीडला हँडल थरथरत असेल किंवा घूं घूं आवाज येत असेल तर बॅलन्सिंग आणि स्टिअरिंगची बेअरिंग बघून घ्या, नाहीतर जोडीनं अख्खा किनारा त्या थरथरीत जाईल.

पंक्चरचं बोलायला पाहिजे, कारण तुमची स्पोकची चाकं, आत ट्यूब आहे. ट्यूबलेसला खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, ट्यूब फाटली तर एकदम जाते. मागचा टायर बसला की गाडीचं शेपूट डोलतं, तेव्हा ब्रेकवर उभं राहायचं नाही, थ्रॉटल सोडायचा, हँडल सरळ धरायचं आणि गाडी हळू झाली की कडेला. वहिनींना पण सांगून ठेवा, हालचाल करायची नाही. नव्या टायरबरोबर ट्यूब पण नवी घाला, चार ठिकाणी पॅच मारलेली नको, आणि रिमवर स्पोकच्या टोकांवर बसणारी रबरी पट्टी फाटलेली नाही ना ते स्वतः उभं राहून बघा, फिटिंगवाला घाईत तीच पट्टी वाकडी बसवतो. एक मागची ट्यूब जास्तीची बरोबर ठेवा. वाटेतला पंक्चरवाला पॅच मारून देईल, पण व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं तर पॅच बसत नाही, आणि ह्या साइजची ट्यूब खेड्यात मिळेल ह्याची खात्री नाही.

आपल्या भागात डिसेंबर म्हणजे उसाचा सीझन. संकेश्वर, निपाणी, चिकोडी, सगळीकडं ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. बैलाच्या नालाचे खिळे रस्त्यावर पडतात, छोटे, चपट्या डोक्याचे, आणि बरोबर कडेच्या पट्ट्यात जिथनं टू व्हीलर जाते. सीझनमध्ये दुकानात येणाऱ्या पंक्चरमध्ये हे खिळे ओळखीचे झालेत. टायर जाड असेल तर बरेच खिळे आरपार जात नाहीत, टोक रबरात अडकून राहतं. दोन मिलीमीटरच्या टायरात तोच खिळा ट्यूबपर्यंत पोचतो. म्हणून झिजत आलेला टायर सारखा पंक्चर होतो, लोक म्हणतात टायर खराब निघाला, टायर खराब नसतो, पातळ झालेला असतो. रोज रात्री मुक्कामाला गाडी लावली की मोबाईलच्या उजेडात दोन्ही टायर फिरवून बघा. खिळा दिसला आणि हवा टिकून असेल तर तिथंच उपटायची घाई करू नका, जवळ पंक्चरवाला असेल तिथं काढा.

ट्रिपमध्ये साधारण हजार किलोमीटरला एकदा खाच मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. कन्याकुमारीला पोचल्यावरच कळेल हजाराला ०.५५ जातंय की ०.७. जास्त जात असेल तर हवा आणि स्पीड बघा. नव्या टायरला तुम्हाला त्रास नाही, पण हा आकडा एकदा तुमच्या गाडीचा, तुमच्या वजनाचा मिळाला की पुढच्या ट्रिपला कुणाला विचारायला नको, मला पण नको.

टायर घेताना बाजूला चार आकडी नंबर बघा. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला मिळाला तर उत्तम. स्टॉकमध्ये पडून राहिलेला डिस्काउंटमध्ये देत असतील तर बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत का बघा, नसतील तर दीड-दोन वर्षांचा पण चालतो, त्याच्या पुढचा मी घेणार नाही. चढवताना बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना ते बघा. मागचं चाक परत बसवल्यावर स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत आणि चेन मॅन्युअलप्रमाणं ढिली. चाक वाकडं बसलं तर नवा टायर पण एका बाजूनं खाईल आणि तुम्ही कंपनीला शिव्या द्याल.

आणि टायर निघायच्या आदल्या दिवशी बदलू नका. नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक नाही, जास्त झुकवणं नाही. आठवडाभर आधी चढवा आणि एखाद्या रविवारी गडहिंग्लज-आजरा करून आंबोलीला जाऊन या, जाऊन-येऊन तेवढे किलोमीटर होतात, वळणं पण मिळतात. घरी आल्यावर मागच्या एक्सलचा नट, चेन आणि हवा परत एकदा बघा. आठवडाभरात हवा दोन-तीन पीएसआयनं उतरली असेल तर फिटिंग करताना लिव्हरनं ट्यूब चिमटली असण्याची शक्यता आहे, ती निपाणीतच काढून बघून घ्या.